हरवलेलं ग्रीन कार्ड आणि परतीचा प्रवास

अमेरिकेत कायम वास्तव्याचा हक्क असलेला माणूस गावची भेट आटोपून मुंबईहून परत निघतो, तेव्हा त्याच्या कागदपत्रांची पहिली कसोटी अमेरिकेच्या दारात लागत नाही. ती सहारच्या विमानतळावर, बॅगांचं वजन करणाऱ्या काउंटरवर लागते. तिथला कर्मचारी इमिग्रेशन कायद्याचा जाणकार नसतो आणि त्यानं तसं असावं अशी अपेक्षाही नाही. त्याच्यासमोर नियमावली असते, प्रवाशांची लांब रांग असते आणि सोडवायचा प्रश्न एकच असतो: या माणसाला विमानात घेतलं तर उद्या कंपनीला दंड बसेल का?

हा दंड जुना आहे. १९२४ च्या अमेरिकी इमिग्रेशन कायद्यानं व्हिसाविना माणूस आणणाऱ्या जहाज कंपनीवर माणशी एक हजार डॉलर दंड बसवला, शिवाय त्या माणसानं भरलेल्या भाड्याइतकी रक्कमही वसूल करायला सुरुवात केली. जहाजांची जागा विमानांनी घेतली, दंडाची रक्कम वाढत गेली, तत्त्व तेच राहिलं. सीमेवरचा पहिला पहारा सरकारनं वाहतूक कंपन्यांच्या खांद्यावर दिला. त्यामुळे शंका आली की कंपनी नाही म्हणते. त्या नकारानं प्रवाशाचा हक्क जात नाही. विमान मात्र जातं.

ग्रीन कार्ड हरवलं किंवा त्याची मुदत संपली की कुटुंबात जी धास्ती पसरते तिचं मूळ एका गैरसमजात आहे. कार्ड म्हणजेच हक्क, असं आपण धरून चालतो. अमेरिकी कायदा तसं मानत नाही. कायम वास्तव्याचा दर्जा संपतो तो मुख्यतः दोन कारणांनी: माणसानं स्वतः तो सोडून दिला तर, किंवा इमिग्रेशन न्यायालयाच्या प्रक्रियेतून देशाबाहेर काढण्याचा अंतिम आदेश झाला तर. कार्डावर छापलेली दहा वर्षांची मुदत ही कार्डाची मुदत आहे, वास्तव्याची नव्हे. इथं एक अपवाद ठळकपणे सांगायला हवा. लग्नानंतर दोन वर्षं पूर्ण होण्याआधी त्या नात्यावर ग्रीन कार्ड मिळालं असेल तर ते दोन वर्षांचं आणि सशर्त असतं. मुदत संपण्याआधीच्या नव्वद दिवसांत आय-७५१ हा अर्ज भरून शर्ती काढून घ्याव्या लागतात. तो भरलाच नाही तर मात्र दर्जाच धोक्यात येतो. दोन वर्षांचं कार्ड आणि दहा वर्षांचं कार्ड दिसायला सारखी असली तरी मुदतीचा अर्थ दोन्हीत वेगळा आहे. नवविवाहित जोडप्यांनी तरी हे पक्कं लक्षात ठेवावं.

हक्क आहे आणि पुरावा नाही, अशा स्थितीत माणसाचं काय होऊ शकतं हे ब्रिटननं २०१८ मध्ये पाहिलं. वेस्ट इंडीजमधून आलेलं ‘एम्पायर विंडरश’ हे जहाज २२ जून १९४८ ला टिलबरी बंदराला लागलं आणि पुढं राष्ट्रकुल देशांतून आलेल्या एका पिढीलाच त्या जहाजाचं नाव पडलं. १ जानेवारी १९७३ ला नवा इमिग्रेशन कायदा अमलात आला तेव्हा आधीच स्थायिक झालेल्या या लोकांचा राहण्याचा हक्क कायम ठेवला गेला. पण त्याचा कागद सगळ्यांना दिला गेला नाही आणि सरकारनं तशी पक्की नोंदही ठेवली नाही. ते लोक बंदरावर उतरले तेव्हाच्या नोंदीची हजारो कार्डं गृह खात्यानं २०१० मध्ये नष्ट केली. मग नियम कडक झाले आणि पन्नास वर्षं तिथं राबलेल्या माणसांकडे पुरावा मागितला जाऊ लागला. काही जण नातेवाइकांना भेटायला कॅरिबियन बेटांवर गेले आणि तिथंच अडकले. परतीच्या विमानात त्यांना घेतलं जाईना. हे सगळं बाहेर आल्यावर गृहमंत्री अँबर रड यांना राजीनामा द्यावा लागला. अडकलेल्या या लोकांनी कायदा मोडलेला नव्हता. भारतातून १९७३ आधी गेलेले लोकही याच तरतुदीखाली येतात, म्हणून ही गोष्ट केवळ जमैकाची नाही.

अमेरिकेत अशी नोंद आहे, आणि तीच हरवलेल्या कार्डाच्या माणसाचा मोठा आधार आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० च्या कायद्यानं, परदेशी नागरिकांना टपाल कचेरीत जाऊन नाव नोंदवणं आणि बोटांचे ठसे देणं सक्तीचं झालं. त्या नोंदणीची पावती म्हणजे आजच्या कार्डाची पूर्वज. पुढं आलेलं आय-१५१ हे कार्ड हिरवं होतं म्हणून ‘ग्रीन कार्ड’ हे नाव रुजलं. १९६४ मध्ये त्याचा रंग बदलला, अनेक रंग झाले, आणि २०१० मध्ये हिरवा परत आला. प्रत्येक रहिवाशाला मिळालेला ‘ए-नंबर’ मात्र कार्ड बदललं तरी बदलत नाही. कार्ड हरवलं तरी या क्रमांकाखाली तुमची फाइल, छायाचित्र आणि ठसे सरकारजवळ असतात.

या इतिहासाचा एक अवशेष आजही काउंटरवर गोंधळ घालतो. आय-१५१ च्या जागी आलेल्या आय-५५१ कार्डांपैकी १९७९ ते १९८९ या काळात दिलेल्या अनेक कार्डांवर मुदतीची तारीखच नाही, आणि ती आजही वैध धरली जातात. १९६५ च्या कायद्यानंतर अमेरिकेत गेलेल्या डॉक्टर-इंजिनिअरांच्या पिढीतल्या ज्यांनी नागरिकत्व घेतलं नाही, त्यांच्या पाकिटात असं कार्ड अजून असू शकतं. चाळीस वर्षांपूर्वीचा फोटो, तारीख नाही, आणि समोर पंचविशीतला कर्मचारी. कायद्यानं गरज नसली तरी अशा ज्येष्ठांनी कार्ड बदलून घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. त्याआधीचं आय-१५१ कार्ड तर १९९६ पासून बादच आहे.

आता मुदत संपलेल्या कार्डाकडे येऊ, कारण ते प्रकरण तुलनेनं सोपं आहे. दहा वर्षांच्या कार्डाची मुदत संपली असेल आणि माणूस अमेरिकेबाहेर वर्षाच्या आत असेल, तर त्या कार्डावर त्याला विमानात घेता येतं, असं अमेरिकेच्या सीमाशुल्क व सीमासुरक्षा विभागानं विमान कंपन्यांना दिलेल्या मार्गदर्शिकेतच म्हटलं आहे. पण कंपनी स्वतःचा नियम याहून कडक ठेवू शकते. म्हणून निघण्याच्या काही दिवस आधी कंपनीशी लेखी संपर्क करावा आणि आलेलं उत्तर छापून जवळ ठेवावं. रात्री एक वाजता काउंटरवर वाद घालण्यापेक्षा हे कितीतरी बरं. दोन वर्षांच्या कार्डाला ही सवलत नाही. त्याच्याबरोबर आय-७५१ अर्ज मिळाल्याची पावती लागते. त्या पावतीनं कार्डाची मुदत ४८ महिन्यांनी वाढते.

कार्डाची मुदत संपायला सहा महिने उरले की नूतनीकरणाचा आय-९० अर्ज करता येतो. सप्टेंबर २०२४ पासून या अर्जाची पावती जुन्या कार्डाला ३६ महिन्यांची वाढ देऊ लागली. जुनं कार्ड आणि पावती, दोन्ही एकत्र दाखवायची. पावती अमेरिकेतल्या घरी टपालानं येते आणि तुम्ही तोवर पुण्यात पोहोचलेले असता, असं होऊ देऊ नका. निघायचं ठरलंच आहे आणि हातात काहीच नाही, अशा वेळी अमेरिकेत असतानाच इमिग्रेशन खात्याच्या संपर्क केंद्राला फोन करून पासपोर्टवर तात्पुरता आय-५५१ शिक्का मागता येतो. तातडीचं कारण असेल तर, म्हणजे घरी कुणी अत्यवस्थ असेल तर, ते फोनवर स्पष्ट सांगावं. हा शिक्का म्हणजे तात्पुरतं ग्रीन कार्डच.

खरी परीक्षा असते ती भारतात असताना कार्ड हरवण्याची. लोकल गाडीत पाकीट मारलं जातं, रिक्षात पर्स राहते, लग्नाच्या हॉलमध्ये बॅग नाहीशी होते. अशा वेळी पुष्कळ जण लगेच आय-९० भरायला बसतात. तो अर्ज नवं कार्ड मिळवण्यासाठी आहे आणि अमेरिकेत परतल्यावर करायचा आहे. परदेशातून परत जाण्यासाठी वेगळा अर्ज आहे, आय-१३१ए. त्यातून मिळतो तो वाहतूक कंपनीला दाखवण्याचा दाखला. पासपोर्टच्या पानावर व्हिसासारखं दिसणारं एक स्टिकर लावलं जातं, त्याला ‘बोर्डिंग फॉइल’ म्हणतात. त्यावर एकदाच प्रवेश मिळतो आणि त्याची मुदत साधारणपणे तीस दिवस किंवा त्याहून कमी असते. तिकीट काढताना हा हिशेब डोळ्यांपुढं असू द्यावा.

पहिलं काम पोलीस ठाण्यात हरवल्याची नोंद करण्याचं. चोरी असेल तर तसं लिहून घ्यावं. ‘गहाळ’ आणि ‘चोरी’ यांत घोळ होऊ देऊ नये, कारण पुढं दूतावासात तोच कागद वाचला जातो. पासपोर्टही गेला असेल तर आधी पासपोर्ट मिळवावा लागतो, कारण स्टिकर लावायचं ते त्यावरच. मग आय-१३१ए चं शुल्क, एप्रिल २०२४ च्या दरपत्रकाप्रमाणे ५७५ डॉलर, इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर भरायचं. अर्ज नामंजूर झाला तरी ते परत मिळत नाही. त्यानंतर वाणिज्य दूतावासाची वेळ घेऊन स्वतः हजर राहायचं. मुंबईचा दूतावास २०११ पासून वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. जुन्या पिढीच्या आठवणीतलं ब्रीच कँडीचं लिंकन हाउस तेव्हाच मागं पडलं.

सोबत काय न्यायचं? भरलेला अर्ज, शुल्काची पावती, पासपोर्ट, छायाचित्र, पोलिसांचा कागद, परतीच्या प्रवासाचं वेळापत्रक, आणि दोन गोष्टींचे पुरावे. एक, तुम्ही खरोखरच कायम रहिवासी आहात याचा. दुसरा, तुम्ही अमेरिकेतून कधी निघालात याचा. दुसऱ्याला लोक कमी लेखतात. बोर्डिंग पासचा तुकडा, तिकीट, भारतात उतरल्याचा पासपोर्टवरचा शिक्का, यातलं काहीतरी हवंच, कारण हा दाखला सर्वसाधारणपणे वर्षाच्या आत परतणाऱ्यालाच मिळतो. आणि पहिल्या पुराव्यासाठी कार्डाच्या दोन्ही बाजूंच्या फोटोइतकी उपयोगी वस्तू दुसरी नाही. तो फोटो हरवणाऱ्या फोनमध्ये एकट्यानं असू नये. मुलाच्या, सुनेच्या, बहिणीच्या फोनमध्येही असावा. दूतावास माहिती तपासून घेतो आणि मग स्टिकर देतो. यात किती दिवस जातील ते प्रकरणागणिक बदलतं, त्यामुळे परतीचं तिकीट बदलता येण्याजोगं असलेलं बरं.

मधल्या विमानतळाचाही विचार करावा लागतो. लंडनमध्ये नुसतं विमान बदलायचं असलं तरी भारतीय पासपोर्टवर ट्रान्झिट व्हिसा लागतो. वैध अमेरिकी ग्रीन कार्ड असणाऱ्याला त्यातून सूट असते. कार्ड हरवलं की ही सूटही हातातून निसटते. अशा वेळी थेट विमान महाग पडलं तरी तेच घ्यावं.

मराठी घरांत हमखास येणारा एक प्रसंग या सगळ्याच्या शेजारी बसतो. ग्रीन कार्ड असलेली मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी येते. बाळ पुण्यात किंवा कोल्हापुरात जन्मतं. त्याच्याकडे ग्रीन कार्ड नसतं, व्हिसाही नसतो. तरीही आईच्या तात्पुरत्या परदेश भेटीत जन्मलेलं बाळ दोन वर्षांच्या आत, आईच्या पहिल्याच परतीत तिच्याबरोबर गेलं, तर त्याला व्हिसा न मागता कायम रहिवासी म्हणून प्रवेश देण्याची तरतूद अमेरिकी नियमांत आहे. बाळाचा पासपोर्ट आणि आईवडिलांची नावं असलेला जन्मदाखला लागतो. ‘पहिल्याच परतीत’ या शब्दांना इथं फार वजन आहे. बाळाला आजीजवळ ठेवून आई आधी एक फेरी मारून आली, तर ही सोय जाते. ही तरतूद काउंटरवरच्या प्रत्येकाला माहीत असेलच असं नाही, म्हणून विमान कंपनीशी आधी बोलून ठेवणं इथंही गरजेचं आहे.

कॅनडानं हाच प्रश्न जरा वेगळा सोडवला आहे. तिथलं पीआर कार्ड साधारण पाच वर्षांचं असतं आणि परदेशात ते हरवलं तर ‘परमनंट रेसिडेंट ट्रॅव्हल डॉक्युमेंट’ मागावं लागतं. मात्र तो अर्ज आला की गेल्या पाच वर्षांत तुम्ही किमान ७३० दिवस कॅनडात होता का, हेही तपासलं जातं. साधा प्रवासाचा कागद मागायला गेलेल्या माणसाची तिथं सगळी जमाखर्चाची वही उघडली जाते. ब्रिटननं तर २०२४ अखेर वास्तव्याची प्लॅस्टिकची कार्डं मोडीत काढून ती नोंद ऑनलाइन नेली. कार्ड हरवण्याची भीती गेली. पासपोर्ट बदलला की तो त्या खात्याशी जोडून घेण्याचं काम आलं.

आता वर्षाच्या सीमारेषेबद्दल, कारण तिच्या पलीकडे प्रश्न कार्डाचा राहत नाही. सलग एक वर्ष किंवा अधिक काळ बाहेर राहिलं की हातातलं न हरवलेलं, मुदत न संपलेलं ग्रीन कार्डही परत येण्याचा कागद म्हणून चालत नाही. ज्याला आधीच ठाऊक आहे की वर्षाहून जास्त राहावं लागणार, त्यानं निघण्यापूर्वी, अमेरिकेत असतानाच, पुनःप्रवेश परवान्यासाठी अर्ज करायला हवा. तो बहुधा दोन वर्षांचा मिळतो. हा परवानाही १९२४ च्याच कायद्यातला आहे, आणि तो नसल्यानं आलेल्या संकटाची एक गोष्ट अमेरिकी न्यायालयाच्या इतिहासात नोंदली गेली आहे.

इग्नात्झ मेझेई हा बफेलो शहरात पंचवीस वर्षं राहिलेला माणूस. १९४८ मध्ये रुमानियात आई मरणपंथाला आहे असं कळल्यावर तो निघाला. पुनःप्रवेश परवाना त्यानं घेतलेला नव्हता. रुमानियानं त्याला येऊ दिलं नाही; तो हंगेरीत अडकला आणि तिथून बाहेर पडण्याची परवानगी मिळेपर्यंत एकोणीस महिने गेले. बुडापेस्टच्या अमेरिकी वकिलातीचा व्हिसा घेऊन तो फेब्रुवारी १९५० मध्ये न्यूयॉर्कला पोहोचला. तिथं सुरक्षेच्या गोपनीय कारणावरून त्याला अडवून एलिस बेटावर ठेवलं गेलं. परत पाठवलं तेव्हा फ्रान्स आणि ब्रिटननं त्याला उतरू दिलं नाही, हंगेरी परत घेईना, लॅटिन अमेरिकेतल्या डझनभर देशांनीही नकार दिला. मार्च १९५३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी सरकारची बाजू मान्य केली. एवढा काळ परवान्याविना बाहेर राहिलेल्या माणसाला परतणाऱ्या रहिवाशाचं संरक्षण देता येत नाही आणि सुनावणीविना त्याला बाहेर ठेवता येतं, असं बहुमत म्हणालं. १९५४ च्या ऑगस्टमध्ये त्याची सुटका झाली, तीही न्यायालयाच्या आदेशानं नव्हे. त्याच्या बाबतीत सुरक्षेचा आरोप होता, हे खरं; सामान्य प्रवाशावर अशी वेळ सहसा येत नाही. पण आईला भेटायला निघालेला माणूस परवान्याच्या फॉर्मचा विचार करत नसतो, हे आपल्यालाही ठाऊक आहे.

पुढं चित्र बदललं. मारिया प्लासेन्सिया ही कायम रहिवासी महिला १९७५ मध्ये मेक्सिकोतल्या तिहुआनाला थोड्या दिवसांसाठी जाऊन आली आणि सीमेवर अडवली गेली. १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की थोडक्या प्रवासाहून परतणाऱ्या कायम रहिवाशाला न्याय्य प्रक्रियेचा हक्क आहे. आज दारात अडवलेल्या रहिवाशाला आपली बाजू न्यायाधीशापुढं मांडण्याचा जो आधार आहे, त्यामागं ही वाटचाल आहे.

या आधाराची सर्वाधिक गरज आहे ती मुलांच्या नागरिकत्वावर ग्रीन कार्ड मिळालेल्या आईवडिलांना. न्यू जर्सीत, कॅलिफोर्नियात, टेक्सासात अशी मराठी मंडळी आहेत. नातवंडांसाठी जायचं, थंडीत परत यायचं, गुडघ्याचं ऑपरेशन इथं करून घ्यायचं, घराचा हप्ता, भावाचं आजारपण, असं करता करता मुक्काम लांबतो. करोनाच्या काळात तर २३ मार्च २०२० पासून नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा बंद झाली ती पूर्ववत व्हायला २७ मार्च २०२२ उजाडलं. अनेकांचं वर्ष इथंच उलटलं. अशांसाठी एसबी-१ हा परतणाऱ्या रहिवाशाचा व्हिसा आहे. त्यात दाखवावं लागतं की निघताना परतायचा इरादा होता, तो सोडलेला नाही, आणि मुक्काम लांबला तो आपल्या हाताबाहेरच्या कारणानं. हॉस्पिटलची कागदपत्रं, रद्द झालेली तिकिटं, अमेरिकेत भरलेला आयकर, तिथलं बँक खातं, असा पुरावा तारीखवार लावून द्यावा. हा व्हिसा नामंजूर झाला तर मुलांना नव्यानं अर्ज करावा लागतो.

वर्षाच्या आत पण १८० दिवसांहून अधिक काळ बाहेर राहून परतणाऱ्याला दारात जास्त प्रश्न विचारले जातात. ‘इथं राहता की इथं फक्त येता?’ हा त्या सगळ्या प्रश्नांचा गाभा. लांबच्या प्रवासानं थकलेले, इंग्रजीत अडखळणारे आजी-आजोबा अशा वेळी पुढं आलेल्या कुठल्याही कागदावर सही करून मोकळे होतात. तो कागद आय-४०७ असेल, तर त्या सहीनं कायम वास्तव्य आपण स्वेच्छेनं सोडल्याचं ते लिहून देत असतात. ही सही ऐच्छिक आहे. न केल्यास कार्ड काढून घेतलं जाऊ शकतं, पण मग अधिकाऱ्यांना वास्तव्याचा दुसरा पुरावा प्रवाशाला द्यावा लागतो आणि प्रकरण इमिग्रेशन न्यायाधीशापुढं जातं; तिथं दर्जा सोडल्याचं सिद्ध करण्याचा भार सरकारवर असतो. मुलांनी आईबाबांना विमानात बसवण्याआधी हे मराठीत नीट समजावून सांगावं, ‘मला समजलं नाही, दुभाषा द्या’ हे वाक्य इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहून पासपोर्टच्या पाकिटात ठेवावं, आणि त्याच कागदावर ए-नंबर, मुलाचा फोन आणि वकिलाचा फोन लिहावा.